नगरपरिषदेच्या हद्दीत कोंबडी, शेळी, गाय: आणण्याआधी हे उरकून घ्या

कोकणातल्या बहुतेक शहरांचा अर्धा भाग अजून वाडीच आहे. पुढे रस्त्याला दुकानं, मागे माड, विहीर आणि परसू. त्यामुळे रत्नागिरीत, मालवणात किंवा अलिबागेत नव्याने राहायला आलेल्याला वर्षभरातच चार कोंबड्या आणाव्याशा वाटतात. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "आणा की, इथे कोण विचारतंय!" ते खरंही असतं, पण पहिली तक्रार जाईपर्यंतच. ती गेल्यावर स्वच्छता निरीक्षक दारात येतो, आणि तेव्हा हातात एकही कागद नसेल तर बोलायला काही उरत नाही.

नियमांचा रोख जनावरावर कमी असतो. शेणमूत कुठे जातं, वास आणि आवाज कोणाला लागतो, जनावर रस्त्यावर येतं का, हे जास्त पाहिलं जातं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हद्द, मग जागेचे कागद, मग बांधकाम आणि अर्ज, आणि जनावर सर्वांत शेवटी. कागद आणि बांधकाम मार्च ते मे, जनावर दिवाळीनंतर, हे वेळापत्रक कोकणात सर्वांत सोयीचं. जूनमध्ये आणलेली पिल्लं ओल्या तुसात पहिल्या पंधरवड्यातच गळपटतात.

पहिली पायरी: तुम्ही नक्की कोणाच्या हद्दीत आहात?

घरपट्टीची पावती काढा आणि ती कोणी फाडली आहे ते वाचा. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रत्नागिरी शहराला लागून नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायती आहेत. पत्ता "रत्नागिरी" असला तरी रस्त्याच्या या बाजूला मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्या बाजूला ग्रामपंचायतीकडे. दापोली, गुहागर, देवरुख, लांजा, कणकवली, कुडाळ इथे नगरपंचायती आहेत. चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी इथे नगरपरिषदा. या दोन्हींना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत महानगरपालिका एकही नाही. पनवेलला २०१६ पासून आहे आणि तिथली चौकट अर्थातच कडक आहे.

प्रत्येक नगरपरिषदेचे स्वतःचे उपविधी असतात, आणि जनावरांबद्दलचा स्थानिक नियम बहुधा त्यांतच सापडतो. कोंबड्या किती, गोठा घरापासून किती लांब, मोकाट जनावराला दंड किती, हे शहरागणिक बदलतं. म्हणून दुसऱ्या शहरातल्या पाहुण्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आरोग्य विभागात जाऊन "जनावरं पाळण्याविषयीचे मंजूर उपविधी आणि सध्याचे दर" पाहायला मागा. मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जात "नियम काय आहेत?" असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. "उपविधीची प्रत द्यावी" असं विशिष्ट कागदाचं नाव घालून मागा.

गाई-म्हशींसाठी आणखी एक गोष्ट तपासायची. नागरी भागात गुरं पाळणं आणि त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६ चा कायदा आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात परवान्याशिवाय गुरं ठेवता येत नाहीत. तुमचं शहर त्या अधिसूचनेत आहे का, हा एक प्रश्न त्याच भेटीत विचारून घ्या.

दुसरी पायरी: जागेचे कागद

कोकणातल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा सातबाऱ्यावर असतं. घर एकाचं, परसू सामायिक, आणि उताऱ्यावर बारा नावं, त्यांतली आठ मुंबईला. तुम्ही खुराडं बांधता तेव्हा कोणी हरकत घेत नाही. गणपतीला चाकरमानी आले की "सामायिक जागेत बांधकाम" असा अर्ज पडतो. वास हे निमित्त असतं, भांडण जागेचं असतं. म्हणून जागा सामायिक असेल तर निदान गावात राहणाऱ्या सहहिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यात जागेची लांबी-रुंदी आणि जनावरांची संख्या लिहा; "कोंबड्या पाळण्यास हरकत नाही" एवढंच लिहिलं तर पुढे सहाच्या साठ झाल्या म्हणून तेच संमतीपत्र तुमच्यावर उलटतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी लागेलच. सोसायटीत गच्चीवर कोंबड्या ठेवायचा विचार असेल तर तो सोडून दिलेला बरा: गच्ची सामायिक असते, आणि सर्वसाधारण सभेत एक जरी आवाज विरुद्ध गेला तरी ते पुढे टिकत नाही.

त्यानंतर नगररचना विभागात जागेचा वापर विभाग पाहा. शेती किंवा हरित विभागात कुक्कुटपालन आणि गोठा बसतो. निवासी विभागात घरापुरती चार-सहा कोंबडी बहुतेक ठिकाणी चालवून घेतली जाते, पण व्यवसाय म्हणून शेड घातली की बांधकाम परवानगीचा प्रश्न उभा राहतो. पाच हजारांच्या वर पक्षी असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. शहरातल्या परसात तो आकडा गाठण्याचा प्रश्नच नाही, पण एखादा एजंट "बोर्डाचं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणाला तर हा आकडा लक्षात असू द्या.

किनाऱ्यावर दोन रेषा जास्तीच्या आहेत. पहिली सीआरझेडची, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राची. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नसेल तर २०० मीटर हा ना-विकास पट्टा. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं जे कमी असेल ते. शहरातल्या विकसित किनारपट्टीला वेगळा वर्ग लागतो. समुद्राला लागून घर असेल तर चिऱ्याचं पक्कं बांधकाम न करता उचलून हलवता येईल असं लाकडी खुराडं करा. दुसरी पूररेषा. चिपळूण, खेड, राजापूर, महाड इथे निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या पूरपट्ट्यात, गोठा बांधायचा विचारही नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी रात्रीत चढलं. दाव्याला बांधलेल्या जनावराला अशा वेळी सुटका नसते. पूरप्रवण भागात ज्यांची गुरं आधीच आहेत त्यांनी दाव्याला झटक्यात सुटणारी गाठ मारावी, साखळी आणि कुलूप वापरू नये.

तिसरी पायरी: कोंबड्या

शहरात सुरुवात सहा माद्यांनी करा आणि कोंबडा आणू नका. अंडी घालायला मादीला कोंबड्याची गरज नसते. तो लागतो फक्त पिल्लांसाठी. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही ध्वनिनियमांत रात्र धरली जाते आणि मर्यादा ४५ डेसिबल असते. कोंबडा चारला आरवतो. एका कोंबड्यापायी सहा कोंबड्या गमावलेली घरं शहरात पुष्कळ सापडतील. पिल्लं हवीच असतील तर गावाकडून फलित अंडी आणून खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) मादीखाली ठेवा, २१ दिवसांत निघतात.

गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, पण स्वतः अंडी उबवते, पिल्लं सांभाळते आणि भक्ष्य व्हायच्या आधी पळते. गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती दीडशे आणि त्याहून जास्त अंडी देतात, पण खुडूक क्वचित बसतात आणि अंगाने जड असतात. नवख्याने एक दिवसाची पिल्लं घेऊ नयेत. चार-सहा आठवड्यांची, लसीकरण झालेली घ्या आणि लसीच्या तारखा कागदावर लिहून मागा.

खुराड्याचा हिशेब असा. सहा पक्ष्यांना रात्रीचं खुराडं ४ फूट बाय ३ फूट, उंची निदान ३ फूट. दिवसा फिरायला कुंपणाआडची ६० चौरस फूट जागा. आत बसायला दीड-दोन इंच जाडीची गोल कडांची काठी, प्रत्येकीला आठ ते दहा इंच. अंड्यांसाठी एक फूट बाय एक फुटाचे दोन खोके, काठीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. खोके काठीपेक्षा उंच ठेवले तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि सगळी अंडी बरबटतात.

तळ जमिनीवर टेकवू नका. चिऱ्याचे तीन थर चढवून जवळजवळ दोन फूट उंचीवर फळ्या टाका. छप्पर कौलारू असो वा पत्र्याचं, नैऋत्येकडे वळचण तीन-चार फूट पुढे काढा, कारण पावसाचा झोत तिकडून येतो. पत्रा तारेने चारही कोपऱ्यांत खांबाला आवळा. जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात जे उडालं त्यात नुसत्या खिळ्यांवर बसवलेले पत्रे फार होते. जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची, गॅल्व्हनाइज्ड. बाजारातली पातळ षट्कोनी "कोंबडी जाळी" खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत पिठासारखी झडते, आणि तिच्या भोकातून मुंगूस नाही आला तरी सापाचं पिल्लू येतं. कुंपणाच्या पायथ्याशी जाळी बाहेरच्या अंगाला एक फूट आडवी वळवून मातीखाली दाबा. मुंगूस कुंपणाला लागूनच खणतो, जाळी लागली की सोडून देतो.

मुंगूस, साप, रानमांजर, बिबट्या यांपैकी कोणालाही मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तुमची कोंबडी तोंडात असली तरी. फासकी, विष, करंट लावलेली तार हे सगळं त्यातच आलं. खुराड्यात घोणस दिसली तर दार लावून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आता विष्ठेकडे येऊ, कारण शहरातल्या कोंबडीपालनाचा निकाल इथेच लागतो. सहा कोंबड्या दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम खाद्य खातात आणि ओल्या वजनाने जवळपास तितकीच विष्ठा टाकतात, म्हणजे महिन्याला वीसएक किलो. तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर उन्हाळ्यात दोन-तीन इंच, पावसाळ्यात चार-सहा इंच. रोज सकाळी काठीखालचा भाग खरवडून काढा, आठवड्यातून दोनदा सगळा थर हलवा. दोनदाच का? उष्ण-दमट हवेत माशीचं अंडं ते उडती माशी हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं. साडेतीन दिवसांनी थर हलला की अळ्या उघड्या पडतात आणि कोंबड्याच त्या वेचतात. थर मुठीत दाबला आणि गोळा झाला तर तो ओला आहे. त्यातून अमोनिया निघतो, डोळे चुरचुरतात, आणि पाठोपाठ रक्ती हगवण येते. ओला भाग उचलून टाका, चुन्याची भुकटी शिंपडा, वर कोरडं तूस घाला. नुसतं वरून तूस घालून ओल झाकली तर वास चार दिवस थांबतो आणि पाचव्या दिवशी शेजारी येतो.

काढलेली विष्ठा थेट माडाच्या आळ्यात घालू नका, ताजी विष्ठा मुळं जाळते. पालापाचोळ्याचे तीन भाग आणि विष्ठेचा एक भाग असे थर लावून झाकलेल्या खड्ड्यात किंवा पिंपात तीन-चार महिने कुजवा. ओल्या कचऱ्याच्या घंटागाडीत ती ओतणं हा पकडलं जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. गटारात ओतणं त्याहून सोपा.

खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रात्री भांडी आत. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो. पावसाळ्यात कोकणात आरोग्य खातं लेप्टोबद्दल जागरूक असतं, त्यामुळे "उंदीर वाढले" या तक्रारीची दखल वासापेक्षा लवकर घेतली जाते. तुम्ही स्वतः खुराडं साफ करताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला सांगा.

शेळ्या

दोन शेळ्या म्हणजे निदान २५ चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा. कोकणात जमिनीवरचा गोठा शेळीला मानवत नाही. जमिनीपासून तीन फुटांवर फळ्यांचा माच करा, फळ्यांत दीड सेंटिमीटर फट ठेवा, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि खूर कोरडे राहतात. घाटावरून आणलेली शेळी कोकणच्या पहिल्या पावसात खूर कुजण्याने आणि फुप्फुसदाहाने बेजार होते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही या हवेत मुरलेली जात आहे, तीच शोधा.

चारा हा खरा अडथळा. शहरात शेळी सोडली की शेजारची जास्वंद आधी संपते, मग झगडा. बांधून पाळायची तयारी असेल तरच शेळी आणा, आणि रोजचा ओला पाला कुठून येणार ते आधी ठरवा. बोकड घराजवळ नको, त्याचा वास पावसाळ्यात शंभर फुटांवर जातो. घरी कापून मटण विकणं हा वेगळाच परवान्याचा विषय आहे: नगरपालिका हद्दीत कत्तल परवानाधारक कत्तलखान्यातच करायची असते.

गाय, म्हैस

इथे स्पष्टच सांगायला हवं. ज्याच्याकडे शेण पसरायला स्वतःची वाडी नाही त्याने शहरात गाय आणू नये. लहान चणीची देशी गाय दिवसाला १० ते १५ किलो शेण टाकते, म्हैस २० ते २५. दोन जनावरांचं महिन्याला टनाच्या आसपास शेण तुम्ही कुठे नेणार, याचं उत्तर अर्जाआधी हवं. माड-सुपारीच्या बागायतदाराशी ट्रॉलीचा करार होतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॉली चिखलातून येत नाही आणि ते दोन महिने शेण तुमच्या दारात राहतं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे एका गाईवर तो चालत नाही.

दुसरी अडचण दहा वर्षांनंतरची. राज्यात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आहे आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही. भाकड गाय आणि गोऱ्हा दोन्ही तुमच्याकडेच राहणार, किंवा गोशाळेत जागा शोधावी लागणार. शहराच्या रस्त्यांवर आणि मुंबई-गोवा महामार्गावर बसलेली पुष्कळशी मोकाट गुरं या हिशेबातून आलेली आहेत. भात कापणी झाली की गुरं उनाड सोडायची हा गावचा रिवाज नगरपरिषदेत चालत नाही. मोकाट जनावर कोंडवाड्यात जातं. दंड आणि चाऱ्याचा रोजचा खर्च भरल्याशिवाय सुटत नाही, आणि मुदतीत नेलं नाही तर लिलाव होतो. हे १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यापासून चालत आलेलं आहे.

तरीही गाय घ्यायचीच असेल तर: प्रत्येकी ४० चौरस फूट छपराखाली, फरशीला गटाराकडे उतार चाळीसास एक, गटार सिमेंटचं, आणि मूत-धुणाचं पाणी पक्क्या टाकीत. शोषखड्डा टाळा. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. गोठ्यातलं पाणी चार दिवसांत शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. खड्डा आणि विहीर यांत निदान ५० फूट ठेवा, आणि ते अंतर स्वतःच्या विहिरीपासून मोजून थांबू नका, गडग्यापलीकडच्या विहिरीपासूनही मोजा. दूध डेअरी संस्थेला घालणार असाल तर सभासद व्हा. थेट घरोघर विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचिड्या येतात, आणि त्या भागात माकडतापाची साथ होऊन गेलेली आहे. तिथे गोचिडनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरलेल्या अंतराने लावावंच लागतं.

चौथी पायरी: अर्ज

नगरपरिषदेत परवान्याचा ठरलेला नमुना असेल तर तोच भरा. नसेल तर साध्या कागदावर "प्रति, मा. मुख्याधिकारी" असा अर्ज करून त्यात एवढं लिहा: मालमत्ता क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, जनावराचा प्रकार आणि कमाल संख्या, शेडचं माप आणि शेजारच्या घरापासून व विहिरीपासूनचं अंतर, शेण-विष्ठेची व्यवस्था, सांडपाणी कुठे जातं. सोबत घरपट्टीची चालू पावती, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, संमतीपत्र, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि दोन फोटो. आवक विभागात शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पुष्कळदा यावर उत्तरच येत नाही. तीस दिवसांनी आधीच्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, पण पुढे नोटीस आली तर तुम्ही आपणहून कळवलं होतं याचा शिक्का तुमच्याकडे असतो, आणि सुनावणीत त्याला वजन असतं.

पाचवी पायरी: पशुवैद्यकीय दवाखाना

जनावर आणलं त्याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात नोंद करा. गाय, म्हैस, शेळी यांच्या कानात बारा अंकी पिवळा टॅग लागतो. २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. विकणाऱ्याकडून टॅगचा क्रमांक घ्या आणि मालकी तुमच्या नावावर बदलून घ्या. नाहीतर जनावर रस्त्यावर सापडल्यावर नोटीस जुन्या मालकाला जाते आणि तो तुमचं नाव सांगतो. कोंबड्या दुचाकीला पाय बांधून उलट्या लटकवून आणू नका. सगळे आणतात हे खरं, पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हाच आहे. हवेशीर टोपली किंवा क्रेट वापरा.

लसींमध्ये कोंबड्यांना सर्वांत घातक मानमोडी, म्हणजे रानीखेत. त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी ही लस. लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही, म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. कुपी बर्फाच्या डब्यातच आणा. उन्हात अर्धा तास ठेवलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. गुरांना घटसर्प आणि फऱ्या पावसाआधी, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. शेळ्यांना आंत्रविषार पावसाआधी आणि पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी. घरी येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२.

अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर त्या खाऊ नका, खाडीत टाकू नका, कचऱ्यात टाकू नका. बर्ड फ्लू जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत कावळ्यांत आढळला होता आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळ चिरनेरला कोंबड्यांत. जनावरांच्या सांसर्गिक रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. रोग निश्चित झाला की एक किलोमीटर त्रिज्येतले सगळे पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत असते. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची मिळत नाही. खबर लपवणाऱ्याचं नुकसान म्हणून दुप्पट होतं. इतर कारणाने मेलेलं जनावर पुरायचं तर विहिरीपासून लांब, सहा फूट खोल, वर चुना.

बिबट्याने शेळी किंवा वासरू मारलं तर मृत जनावर हलवू नका. वनविभागाला लगेच, उशिरात उशिरा ४८ तासांत कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही.

तक्रार आलीच तर

शेजाऱ्याने तोंडी सांगितलं तेव्हाच निम्मं काम होऊ शकतं. काय बोचतंय ते नेमकं विचारा: वास, आवाज, माशा की भाजीत शिरलेली कोंबडी. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि अर्धा डझन अंडी देऊन यांतला एकही मिटत नाही. लेखी तक्रार झाली की स्वच्छता निरीक्षक पाहणी करतो, पंचनामा होतो, मग मुदतीची नोटीस. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. संख्या चुकीची असेल, "गटारात विष्ठा" असं न पाहता लिहिलं असेल, तर तिथल्या तिथे आपलं म्हणणं लिहून मग सही करा.

नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: काय दुरुस्त केलं, कोणत्या तारखेला, फोटो, आणि पुन्हा पाहणीची विनंती. उत्तर न देता नुसत्या कोंबड्या चार दिवस मेहुण्याकडे नेऊन ठेवायची युक्ती जुनी आहे आणि निरीक्षकांनाही ती ठाऊक आहे. प्रकरण पुढे गेलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकारी उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ ते हेच. त्या आदेशाला हजर राहून कारण दाखवता येतं, आणि तिथे शिक्का मारलेला अर्ज, संमतीपत्र, लसीची नोंद आणि विहिरीपासूनचं मोजलेलं अंतर हे चार कागद उपयोगी पडतात. पाचवा, कोंबडा नसल्याचा, मिळत नाही. त्यासाठी पाहणीची विनंती पहाटे पाचची करा.